कपाटातला पासपोर्ट

डांबरगोळ्यांचा वास आला की कुवेतमधलं आमचं लोखंडी कपाट आठवतं. नव्वदच्या दशकात शुऐबा इथल्या प्लांटवरचा माझा दक्षिण आफ्रिकी सहकारी थेंबा एकदा जेवायला आला होता. टीव्हीवर त्याच्या देशातल्या वर्णद्वेषी अत्याचारांची सुनावणी चालू होती.

"काळ्यांना सक्तीचा असलेला पास जवळ नसला, तर माझ्या वडिलांना पोलीस रस्त्यावरून उचलून न्यायचे," तो म्हणाला.

मी भडकलो. "माणसाचा हक्क असा कागदावर ठरवायचा?"

तेवढ्यात आमची कामवाली लक्ष्मी पोळ्या घेऊन आली. "साब, मेरा पासपोर्ट दो ना. एम्बसी जाना है."

"बाद में देखेंगे."

थेंबाने विचारलं, "तिचा पासपोर्ट तुझ्याकडे?"

"कपाटात आहे. नोकरांचे पासपोर्ट इथे सगळेच ठेवून घेतात."

अर्धी पोळी तशीच सोडून तो हात धुवायला उठला. त्याचं काय बिनसलं, मला कळेना. लक्ष्मीला पासपोर्ट परत कधी दिला, ते आज काही केल्या आठवत नाही.