दौलतगंजच्या कान्होजींचे पद

कान्होजी जगदाळे यांचे आजोबा दख्खनमधून फौजेच्या घोड्यावर लष्कर या उत्तरेतल्या संस्थानी शहरात आले; नातवाच्या वाट्याला कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यातली मजुरी आली. आजोबांची मराठी आणि बाजारची हिंदी यांतून दौलतगंजच्या गल्ल्यांत जी बोली घडली, ती कान्होजींची मातृभाषा. जयेंद्रगंजातील दरबारी घराणी तिला 'बाटकी' म्हणत. त्यांच्या घरची मुले खेळताना तीच बोलत, हे मात्र कोणी बोलून दाखवीत नसे.

गणेशोत्सवात कान्होजींचा मेळा गाई. वर्षभरात वस्तीवर जे गुदरले ते पदात गुंफून मांडवात म्हणायचे, हा त्याचा रिवाज. एकोणीसशे सदतीसच्या उन्हाळ्यात त्यांचे सोबती जयसिंहराव यंत्राच्या पट्ट्यात सापडून मेले. कापसाच्या गाठींचा माल वेळेत जावा म्हणून मालकाने यंत्र थांबवू दिले नाही. मागाहून कारखान्याने सांगितले, माणूस दारू प्यायलेला होता. जयसिंहरावांनी जन्मात दारूला स्पर्श केला नव्हता.

त्यांची पत्नी मंदाताई कान्होजींना म्हणाली, "भाऊजी, गणपतीसमोर यांचं नाव घेऊन सुनवा. सारं लष्कर बसलेलं असतं तिथे. शराबी म्हणून नका जाऊ देऊ त्यांना."

कान्होजींनी पद रचले:

जयसिंगाचा हात गेला, पट्टा घुमत राहिला,
मालक खडा बाजूला, पान चघळत राहिला.
बंद करा बोललो आम्ही, त्याने नाही सुना,
गठान बांधून झाली मग पूछा, कोण मुआ?

पदे आधी उत्सव समितीला ऐकवावी लागत. समितीचे प्रमुख दिनकरराव, दरबारातून निवृत्त झालेले अधिकारी. त्यांनी कानांवर हात ठेवले.

"कान्होजी, ही का मराठी? देवासमोर हे असलं म्हणणार तू?"

"लष्करची मराठी आहे साहेब. गणपती पण लष्करचाच आहे नं?"

"पुण्याहून पाहुणे यायचेत. शुद्ध करून आण, मग पाहू."

कान्होजींनी या शब्दावर विश्वास ठेवला. त्यांची चूक ती एवढीच. भाषेचा दोष काढणाऱ्याला भाषाच खटकत असेल, असे सरळ मनाच्या माणसाला वाटते. जयेंद्रगंजातील तरुण शिक्षक लक्ष्मीकांत यांच्याकडून त्यांनी पद नव्याने बांधून घेतले आणि पट्ट्यापाशी उभे राहून ते घोकू लागले. 'हस्त चिरडला, यंत्र न थांबे, धनी पाहतो उभा.' सोबत्यांच्या चेष्टेला ऊत आला.

"पंडितजी, आता पान मागायला पण श्लोक बोलणार काय?"

"बोलेन! जयसिंगासाठी संस्कृतमधे भुंकेन पण."

दुसऱ्या वेळी पद निर्दोष होते. दिनकररावांनी ते शेवटपर्यंत ऐकले आणि मान हलवली.

"भाषा उत्तम आहे. विषय मात्र उत्सवाला शोभत नाही."

ते ज्या छताखाली बसले होते, ते त्याच कारखानदाराने उभारून दिले होते. समितीला बोलीचा विटाळ नव्हता. तिला भय होते ते बोलणाऱ्याचे. आणि आपले भय उघड करण्याइतकेही धैर्य नसल्याने तिने व्याकरणाला पुढे केले होते. आमच्या सुशिक्षित वर्गाचे हे जुने पातक आहे. अन्यायाची तक्रार आली की तो प्रथम तक्रारदाराचे उच्चार तपासतो, आणि उच्चार सुधारून आले की तक्रारच असभ्य ठरवतो. मालकाने एक हात चिरडला. या सज्जनांनी त्या हाताची साक्ष चिरडली. दोहोंत अधिक निंद्य कोण, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

विसर्जनाची मिरवणूक दाल बाजारात आली तेव्हा कान्होजी धान्याच्या गाडीवर चढले. त्यांनी शुद्ध पद म्हटले नाही. पहिलेच म्हटले, गल्लीचे. हमालांनी पाठीवरची पोती खाली ठेवली. दुसऱ्या फेरीला 'कोण मुआ?' हा प्रश्न अवघ्या बाजाराने विचारला आणि खाली उभ्या मंदाताईने, डोक्यावरचा पदर सावरीत, मोठ्याने उत्तर दिले, "जयसिंहराव! माझा मालक! शुद्धीत मुआ!"

दिनकररावांनी ताशेवाल्यांना जोरात वाजवायला सांगितले. ताशेवाले दौलतगंजचेच होते. त्यांनी काड्या काखेत धरल्या.

दुसऱ्या दिवशी कान्होजींना कारखान्याच्या फाटकातून आत घेतले नाही. पुढे जन्मभर त्यांनी दाल बाजारात पोती वाहिली आणि समितीच्या मांडवात पुन्हा पाऊल ठेवले नाही. हमाल आजही ओझे उचलताना ते पद म्हणतात. जयसिंहराव दारू प्यायले होते, असे मात्र त्या बाजारात कोणी म्हणत नाही.