एका रांजणातली बेडकं

चकलांब्यात तिला कडूबाई म्हणून हाक मारणारा एकच माणूस होता, तिचा नवरा म्हाळू. बाकी सारं गाव तिला 'बेडकांची' म्हणे. नाव ठेवायला गावाला कधी वेळ लागतो? पुसायची मात्र सवड होत नाही.

नाद खरं तर म्हाळूचा. मेंढरांमागं हिंडताना ओढ्यात, विहिरीच्या कपारीत जे सापडेल ते घोंगडीच्या खोळीत घालून तो घरी आणायचा. पोटी पोर नव्हतं, त्यामुळं कडूबाईनंही फार कटकट केली नाही. परसात तीन रांजण मातीत अर्धे पुरले होते. एकात हिरवागार, ढेरपोट्या डराव बेडूक. त्याचा रुबाब बघून म्हाळूनं त्याचं नाव जमादार ठेवलं होतं, आणि निजाम सरकारचा खरा जमादार गावात आला की नवराबायको हसू दाबत घरात पळायची. दुसऱ्या रांजणात विहिरीतल्या बोटाएवढ्या बेडक्या, त्या 'पोरी'. तिसऱ्यात ओली माती आणि खरबरीत अंगाचा एक भेक, म्हणजे कोरड्यात राहणारा बेडूक, ती 'म्हातारी'. म्हाळूचा दंडक एकच होता. "ह्याला त्यात घालायचं न्हाई. ज्याचं घर त्याला." का, ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

गावाला या नादाचं हसू यायचं, पण पावसानं ओढ दिली की हसू बंद. मग धोंडी काढावी लागे. मुसळाला लिंबाचा पाला आणि एक जिवंत बेडकी बांधून बायांनी दारोदार हिंडायचं, प्रत्येक घरानं मुसळावर पाणी ओतायचं, आणि शेवटी बेडकी पाटलाच्या विहिरीत सोडून द्यायची. ती उडी मारून पोहत गेली पाहिजे. मेली तर त्या सालचा पाऊस मेला, असं गाव धरून चाले. आणि कोरड्या सालात बेडकी मिळणार कुठं? कडूबाईच्या रांजणात.

जर्मनची लढाई संपत आली त्या साली पावसानं पाठ फिरवली. विहिरी तळाला गेल्या. तहसीलदार घोड्यावरून आला, विहिरीत डोकावला, मान हलवली आणि आला तसा गेला. पाणी उरलं होतं ते एकट्या अर्जुनराव पाटलांच्या विहिरीत. त्यांचा गडी बंकट काठी घेऊन काठावर बसायचा आणि जमीनवाल्या घरांना रोज एकेक घागर द्यायचा. बिनजमिनीच्या मेंढक्याला त्यात वाटा नव्हता. कडूबाईला मात्र घागर मिळे, बेडकांसाठी म्हणून. तेवढ्यात बेडकंही जगत आणि ही दोघंही. माणसं बेडकांच्या वाट्याचं पाणी पीत होती, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

मेंढरं म्हाळूच्या भावाबरोबर गंगथडीला, गोदावरीच्या काठाला, गेली होती. म्हाळू तापानं मागं राहिला. अंग भाजत होतं, जीभ कोरडी पडली होती, आणि तो सारखं पाणी मागत होता. कडूबाईनं तीन रांजणांकडं बघितलं. तिन्हीत ओतायचं तर घागरीच्या तळाशी दोन घोट उरत. एकाच रांजणात सगळ्यांना ठेवलं तर अर्धी घागर म्हाळूला मिळणार होती.

जन्म मेंढरांत गेलेली बाई ती. तिनं मेंढरांचाच हिशेब लावला. पावसापाण्याचं चार मालकांची मेंढरं एकाच मेंढवाड्यात दाटीवाटीनं बसतात, एकमेकांच्या अंगाला अंग लावून ऊब धरतात. कुठं कोण कुणाला खातं? मग बेडकांनाच काय धाड भरली आहे?

सांजेला तिनं तिघांचं बिऱ्हाड एका रांजणात केलं, म्हातारीला टेकायला मधे एक दगड ठेवला आणि वर फळी झाकली. म्हाळू पोटभर पाणी प्याला. कितीतरी दिवसांनी त्याला झोप लागली.

सकाळी तिनं फळी काढली. पाण्यावर पांढरा फेस आला होता. जमादार उताणा पडला होता, पोट टम्म फुगलेलं, आणि तोंडातून एका पोरीचा पाय बाहेर आलेला. जवळजवळ सगळ्या पोरी त्यानं गिळल्या होत्या. मग त्यानं म्हातारीला तोंड लावलं असावं, आणि तिच्या अंगातलं विष पाण्यात उतरलं. एक पोर तेवढी राहिली होती, तीही पांढरी होऊन तरंगत होती. म्हातारी दगडावर बसून होती.

कडूबाई आवाज न करता रडली, कारण आत म्हाळू निजला होता.

आणि त्याच सकाळी पाटलांच्या आई, बायनाबाई, दारात आल्या. "अगं, आज धोंडी काढायची. बेडकी बांध."

खरं सांगितलं असतं तर घागर तिथंच बंद झाली असती. भेक धोंडीला चालत नाही. कडूबाई म्हणाली, "बांधते, माय." तिनं मेलेली पोर मुसळाला बांधली आणि वर लिंबाचा पाला दाट लावला. मग म्हाळूच्या अंगावरची घोंगडी काढून स्वतःच्या डोक्याखांद्यावर दुमडून घेतली आणि मुसळ त्यावर ठेवलं. लोकर किती पाणी धरते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

दारोदार पाणी पडत गेलं. कुणी वाटीभर, कुणी चूळभर. लेकुरवाळ्या सुंदरबाईनं तांब्यातलं अर्धं ओतलं, अर्धं मागं ठेवलं, मग कडेवरच्या लेकराकडं न बघता तेही ओतलं. कडूबाईला वाटलं, ओरडून सांगावं, ठेव गं बाई, मेलेली हाय ती. ती पुढच्या दाराकडं वळली. घोंगडी जड होत गेली आणि तिची मान खाली खाली जात राहिली.

विहिरीवर सगळं गाव वाकून उभं होतं. तिनं दोरा सोडला. बेडकी पाण्यावर पडली आणि तशीच तरंगत राहिली.

"मेलेली हाय की बे!" बंकट ओरडला.

अर्जुनराव कडूबाईकडं वळले. "गावच्या पाण्यात मढं टाकलंस. उद्यापास्नं हिकडं फिरकू नको." कुणी मधे पडलं नाही. सुंदरबाई लेकराला छातीशी धरून रडत होती.

घरी येऊन कडूबाईनं घोंगडी पिळली. लोकरीतून धार लागली ती तिनं म्हाळूच्या तोंडात धरली.

"मेंढराचा वास येतुया," म्हाळू डोळे मिटूनच म्हणाला. "लई ग्वाड हाय. कुठलं पाणी?"

"समद्या गावानं दिलंय."

"आन् बेडकं?"

तिनं घोंगडीला पुन्हा पीळ घातला. आता थेंब थेंबच येत होतं. परसातून म्हातारीचा कोरडा आवाज आला, कुर्र, कुर्र.

"वरडत्यात बघ," म्हाळू समाधानानं म्हणाला. "येगळी येगळी ठिवलीस नव्हं?"

"व्हय," कडूबाई म्हणाली. "ज्याचं घर त्याला."