कोनाड्यातलं नाव

“हात नोका लावू, आपल्याहून म्हातारं हाय ते.” नरनाळ्याच्या मोठ्या दरवाज्यापाशी आलं की सर हे म्हणायचेच. मग पायातली चप्पल काढायचे. किल्ल्यात चप्पल काढणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. तुम्ही पाहिला असेल तर सांगा.

सर अकोटला आमच्या शेजारी राहायचे. शाळेतून निवृत्त झाले, पण इतिहास शिकवणं काही सुटलं नाही. रविवारी कोणाला तरी गाठून किल्ल्यावर न्यायचे. कधी शाळेची मुलं, कधी कोणाकडे आलेले पाहुणे, आणि शेजारधर्म म्हणून बरेचदा मी. गोंड, बहमनी, इमादशाही, मोगल, भोसले ही सगळी मंडळी ते गल्लीतल्या भाडेकरूंसारखी सांगत. “आले, राहिले, गेले. घरमालक हा डोंगर.” भिंतीवर नावं कोरणाऱ्यांचा मात्र त्यांना भारी राग. यांच्या आईबापानं यांना काय शिकवलं, असं ते सगळ्यांदेखत विचारत.

एकदा मुलींची सहल होती. दरवाज्याच्या आतल्या अंधाऱ्या कोनाड्यात कोरलेलं एक नाव एका मुलीनं मोठ्यानं वाचलं आणि हसून म्हणाली, “सर, आडनाव तर तुमचंच आहे.”

त्या आडनावाची घरं आमच्याकडे पुष्कळ. सर काहीही सांगून मोकळे झाले असते. ते जवळ गेले, अक्षर पाहिलं आणि मुलींकडे वळले.

“माह्या पोराचं हाय.”

पुढचा किल्ला त्यांनी मान खाली घालूनच दाखवला.

मुलगा पुण्याला नोकरीत. त्याला फोन केला तर तो हसला. शाळेत असताना कोरलं होतं, सगळेच कोरायचे, म्हणाला. सरांनी ते नाव घासून काढता येईल का, याची चौकशी केली. घासलं तर दगडही जाईल, असं जाणत्यांनी सांगितलं. मग सर घराबाहेर पडेनात. ताटावरून अर्धपोटी उठतात, असं सरांच्या घरच्या काकू माझ्या बायकोला सांगून रडल्या.

बऱ्याच दिवसांनी एका रविवारी ते किल्ल्यावर न्यायची पिशवी घेऊन माझ्या दारात उभे राहिले. त्या दिवसापासून किल्ला त्या कोनाड्यापासूनच सुरू व्हायचा. “हे माह्या पोरानं केलं. त्याले शिकवणारा मी.” ऐकणारे अवघडून खाली पाहत. मलाही तिथं उभं राहवत नसे. आता पुरे करा, असं मी एकदा म्हणालो.

“भाऊ, दुसऱ्याच्या पोराईले बोललो ना मी,” ते म्हणाले.

पुढच्या दिवाळीत मुलगा आपल्या लहान मुलीला घेऊन आला. सरांचे गुडघे तेव्हा चालेनासे झाले होते. ते खाली पायथ्याच्या शहानूर गावातच गाडीत बसून राहिले आणि पोरीला किल्ला दाखवायला त्यांनी मुलाला माझ्यासोबत वर पाठवलं. कोनाड्यापाशी त्याची चाल वाढली. तो पुढे निघून गेला, थांबला, आणि पोरीचं बोट धरून परत आला.

“हे नाव माझं आहे. मी कोरलं. कोरायला नको होतं,” तो तिला म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. मी दरीकडे तोंड फिरवलं.

खाली आल्यावर सरांनी त्याला काही विचारलं नाही. मला विचारलं, “सांगितलं का यानं?”

सांगितलं, म्हणालो. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ उपरण्यानं पुसत बसले.

उन्हाळ्याआधीच सर गेले. त्यांच्यासोबत किल्ल्याकडे आमचं ते दिवाळीतलं जाणंच शेवटचं. त्या दुपारी चष्मा चढवून ते एवढंच बोलले होते, “चाला आता. पोरीले भूक लागली असन.”