गोदामातल्या गोधड्या

उन्हात वाळत घातलेल्या गोधडीचा वास आला की मला तामसीकडच्या एका गावातलं कापसाचं रिकामं गोदाम आठवतं. हिवाळ्यात तिथं गाण्याचा कार्यक्रम होता आणि सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. दुपारी माइक तपासताना टिनाच्या भिंती प्रत्येक शब्द परत फेकू लागल्या. गायिका म्हणाल्या, "आवाज असाच घुमणार असेल तर मी गाणार नाही." भिंती झाकायला जाड कापड हवं होतं, आणि एवढं कापड ऐनवेळी आणायचं कुठून? शेजारी भाजी विकणाऱ्या मावशींनी विचारलं, "काऊन तोंड पाडून बसला, बाबू?" मी अडचण सांगितली. त्या उठून गेल्या आणि थोड्याच वेळात घराघरांतून बाया गोधड्या घेऊन आल्या. "तू बांध, आमी धरून राह्यलो," मावशी म्हणाल्या. संध्याकाळी पहिला सूर स्वच्छ लागला. गोधड्या भिंतींनी पांघरल्या होत्या आणि गाव शेवटच्या गाण्यापर्यंत कुडकुडत बसलं होतं. मावशींनी तर नातवाला पदरात गुंडाळलं होतं. आता मी मोठ्या सभागृहांत कार्यक्रम करतो. तरी गाणं सुरू होण्याआधी पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायांकडे एकदा बघतो आणि एसी थोडा कमी करायला सांगतो.