अर्धी कातरलेली मेंढरं

आमच्यात मेंढरं कातरायच्या आदल्या दिवशी डोहात धुतात. लोकर वाळली, की दुसऱ्या दिवशी पाव्हणे कातऱ्या घेऊन येतात. मजुरी न्हाई, सावड असते. आज ते माझ्याकडं, उद्या मी त्यांच्याकडं. आणि पहिली कातर घरच्या देवापुढं लागते. माझ्या बापानं तसंच केलं, मी तसंच करतो.

त्या वर्षी शेजारच्या देशांचे खेळ पहिल्यांदाच आपल्या भागात भरले होते. त्यातली सायकलची शर्यत आमच्या कासार आंबोलीवरनं, पौड रस्त्यानं जाणार होती. रस्ता दुपारपर्यंत बंद, असं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आठवडाभर लिहिलेलं होतं म्हणे. मी तिसरीतनं शाळा सोडलेला, फळ्याकडं बघत न्हाई. तोंडीपण सांगितलं होतं लोकांनी. मी म्हणलो, रस्ता व्हायच्या आधीपासनं आमी हितनं जातोय.

मेंढरं धुऊन पलीकडच्या रानात बसवली होती. सकाळी आणायला गेलो तर रस्त्याला दोरी. निळा टी-शर्ट घातलेली बावधनची एक पोरगी तिथं उभी होती. माणसं एकेक करून सोडत होती, जनावरं न्हाई. "आजोबा, आपल्याकडं पहिल्यांदाच होतंय हे. सगळे देश बघतायत. मेंढ्या दिसल्या तर बरं न्हाई वाटणार."

"कालच आंघोळ घातलीय त्यांना," मी म्हणलो. "ह्या रस्त्यावर सगळ्यात स्वच्छ तीच हायेत."

ती हसली, पण दोरी सोडली न्हाई.

अंगणात सात पाव्हणे कातऱ्या पाजळून बसलेले. माझा मेव्हणा त्यांच्यात जाणता. तो म्हणाला, "दाजी, आपणच पलीकडं जाऊ. तितंच बसून कातरू. उद्या कासारसाईच्या कळपाची पाळी हाय, मला थांबता येनार न्हाई."

मी न्हाई म्हणलो. देव हितं, मग कातरणी रानात कशी? त्यानं परत सांगितलं, मी परत न्हाई म्हणलो. चहा झाला, तंबाखू झाली, परत चहा झाला.

सायकली आल्या आणि गेल्या. एक शिंक येऊन जावी एवढाच वेळ. त्यांच्यामागं गाड्याच गाड्या, मग परत गाड्या. कुठल्या देशाचा पोरगा पुढं होता ते अजून मला ठाऊक न्हाई. रस्ता सुटला तेव्हा तीन वाजून गेले होते.

देवापुढं पहिली कातर लागली. पाव्हणे झपाट्यानं कातरत होते, पण ऊन उतरलं तसा मेव्हणा उठला, त्याच्यामागं बाकीचेपण. निम्म्याहून जास्त मेंढरं तशीच होती. मी म्हणलो, अजून तासभर बसा. आयुष्यात त्याला पहिल्यांदा मी काही मागत होतो.

त्यानं कातरी फडक्यात गुंडाळली. "सकाळी सांगितलं होतं, दाजी. आता परत धुवा, आणि सावडीत शेवटी उभे राहा."

त्या पोरीनं तेवढी दोरी धरली नसती, तर हे झालं नसतं. तिच्यावर मी अजून चिडतो. मेव्हण्यावर चिडायला जातो, तर जमत न्हाई.

माझी पाळी महिन्यानं आली. तवर उन्हात उरलेली मेंढरं लोकरीखाली धापा टाकत उभी असायची, आणि कातरलेली शेजारी गार बसलेली. वाटेनं जाणारा दरेक जण विचारायचा, ही अशी का. मी सांगायचो, शर्यत होती.