पडद्यावरचं रोप

पहिला भाग न बघताच मी आईला घेऊन एका विज्ञानपटाच्या दुसऱ्या भागाला गेलो. सूर्य विझलेला, शहरं राखेत गाडलेली. बघता बघता माझा जीव उबगला. तेवढ्यात पडद्यावर एक बाई डब्यातल्या इवल्याशा रोपाला पाणी घालू लागली. आई शेजारून पुटपुटली, "अगं, किती ओततेस! मूळ कुजेल ना."

मध्यंतरात दिवे लागले. मी म्हणालो, "आई, निघू या. यात सगळं संपलेलंच आहे."

जग बुडाल्याच्या गोष्टी आपण किती चवीनं बघतो, आणि काळोख दिसला की त्यालाच विचारांची खोली समजतो. आईनं मात्र अर्धा सामोसा माझ्या हातावर ठेवला, पदर खोचला आणि म्हणाली, "तुला जायचं तर जा. ते रोप जगतंय का, ते बघितल्याशिवाय मी उठायची नाही."