कोरा रकाना

इंजिनाचे दांडे बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे छर्रेताई म्हणत. तिचं काम एकच: तयार दांडे बंद पेटीत ठेवायचे आणि त्यांच्यावर पोलादाच्या बारीक छर्‍यांचा मारा करायचा. त्या माराने दांड्याची कातडी घट्ट दाबली जाते. मग इंजिनात कोट्यवधी हिसके बसले, तरी सहजासहजी तडा जात नाही. मात्र मार पुरेसा बसला की नाही, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी रोज काम सुरू करण्याआधी पेटीत एक पातळ पट्टी बसवायची, तिच्यावर छर्रे सोडायचे आणि ती किती वाकली ते मोजून वहीत लिहायचं. सोळा वर्षांत ताईने हे कधी चुकवलं नव्हतं.

त्या दिवशी चुकलं. सकाळी आई न्हाणीघरात घसरली. तिला दवाखान्यात नेऊन, धाकट्या बहिणीच्या हवाली करून ताई धापा टाकत कामावर पोचली, तेव्हा दांड्यांचा ढीग तुंबला होता. तिने सरळ यंत्र सुरू केलं.

दुपारी बहिणीचा फोन आला, हाड मोडलेलं नाही म्हणून. ताईच्या जिवात जीव आला आणि तेव्हाच पट्टी आठवली. लावून पाहिली, तर जेमतेम निम्मी वाकली. छर्रे फेकणारी तोटी झिजली होती. सकाळचे तीनशे दांडे एव्हाना ट्रकमध्ये चढले होते.

पुढच्याच आठवड्यात तिला तपासनीस करायचं घाटत होतं. वहीतल्या कोऱ्या रकान्यात एक आकडा लिहिला असता, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तिने पेन उचललं, खाली ठेवलं आणि फोरमनसमोर जाऊन उभी राहिली.

त्याने एक दांडा हातात फिरवून पाहिला. "दिसायला तर सारखाच आहे."

"दिसायलाच," ताई म्हणाली. "चूक माझी आहे. ट्रक रिकामा करा."

फोरमन भडकला, नाही नाही ते बोलला, मग स्वतःच ट्रक थांबवायला धावला. नवी तोटी बसवल्यावर पट्टी हवी तेवढी वाकली, आणि ताईने तीनशेच्या तीनशे दांडे पुन्हा पेटीतून काढले.

तपासनीसाची जागा दुसऱ्याला मिळाली. ताईच्या हाती लेखी ताकीद पडली. आपल्यापायी झालं म्हणून आई रडायला लागली. ताई तिच्या घोट्याला मलम चोळत होती.

"तुझ्यापायी नाही गं. पट्टी लावायला दहा मिनिटं लागतात. तेवढी माझ्याकडे होती."

आईने डोळे पुसले आणि जरा हळू चोळ म्हणाली.